देवळालीचा ताप

ब्रिटनमधल्या एखाद्या घरात आजी चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधत असतात, शेजारचे गृहस्थ कडाक्याच्या थंडीत अर्ध्या चड्डीवर बागेला पाणी घालत असतात, किंवा कचेरीतला संगणक मनाला येईल ती अक्षरं छापत सुटतो. अशा वेळी तिथली माणसं जे विशेषण वापरतात ते म्हणजे ‘डूलॅली’. अर्थ साधारण आपल्या ‘डोकं ठिकाणावर नाही’ किंवा ‘चक्रम झालाय’ यासारखा. शिवी म्हणून हा शब्द फार कडक नाही. बहुतेकदा तो घरातल्या माणसाबद्दल, थोडी माया ठेवून वापरतात. अमेरिकेत तो फारसा चालत नाही. लंडन, लीड्स, कार्डिफ इकडच्या बोलण्यात मात्र तो पक्का रुजलेला आहे.

इंग्रजी कोशात या शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव सापडतं: देवळाली. परभणीहून तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवरचं हे गाव. सेलू, जालना, छत्रपती संभाजीनगर करत गाडी मनमाडला मुख्य मार्गाला लागते, लासलगाव, निफाड मागे पडतात, नाशिक रोड येतं आणि त्यानंतर थोड्याच वेळात देवळालीचा फलाट जातो. जगातल्या फार थोड्या गावांना परभाषेतलं विशेषण होण्याचं भाग्य, किंवा दुर्भाग्य, मिळालं आहे. महाराष्ट्रातल्या या गावाच्या वाट्याला ते कसं आलं ती हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते. मला ती गमतीची वाटत नाही.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांची संख्या वाढवली आणि पुढची कित्येक दशकं ती साठ-सत्तर हजारांच्या घरात ठेवली. एवढी माणसं दर काही वर्षांनी बदलायची, म्हणजे नवी उतरवून घ्यायची आणि जुनी परत धाडायची, तर बंदराजवळ त्यांना थांबवून ठेवायला जागा हवी. मुंबई दमट, गर्दीची, रोगराईची. म्हणून घाटमाथ्यावर, मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असलेल्या देवळालीची निवड झाली. तिथली छावणी १८६१ साली उभी राहिली. कसारा-इगतपुरीचा थळ घाट चढणारी रेल्वे १८६५ च्या सुरुवातीला खुली झाली आणि मुंबई बंदर ते देवळाली हा प्रवास काही तासांवर आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर तर विलायतेची बोटही थेट मुंबईला लागू लागली. हिंदुस्थानात येणारा आणि हिंदुस्थानातून जाणारा गोरा शिपाई बहुधा देवळालीतून जाऊ लागला तो तेव्हापासून.

येणाऱ्यांचा देवळालीत फार मुक्काम नसे. चार दिवस हवा अंगवळणी पाडून घ्यायची आणि मग पेशावर, लखनौ, सिकंदराबाद, जिथे पलटण असेल तिकडे रवाना व्हायचं. खरी अडचण परत जाणाऱ्यांची होती.

१८७० साली ब्रिटिश पार्लमेंटनं शिपायांच्या भरतीचा कायदा बदलला. आधी माणूस अर्धं आयुष्य फौजेत काढी. नव्या पद्धतीत करार बारा वर्षांचा, पण त्यातली पहिली सहा-सात-आठ वर्षंच प्रत्यक्ष पलटणीत घालवायची आणि उरलेली घरी राहून राखीव दलात. परिणाम असा की दरवर्षी हजारो शिपायांची मुदत हिंदुस्थानात संपू लागली. प्रत्येकाची तारीख वेगळी. बोटी मात्र वर्षभर सुटत नसत. भर उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसांनी भरलेलं जहाज नेणं धोक्याचं आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, त्यामुळे फौजेच्या जहाजांचा हंगाम पावसाळा संपल्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंत असे. ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर संपली त्यानं काय करायचं? देवळालीत जाऊन पुढच्या हंगामाची वाट पाहायची.

ही वाट पाहणं कसं होतं याचं वर्णन करणारा एक विश्वासू माणूस आपल्याला लाभला आहे. त्याचं नाव फ्रँक रिचर्ड्स. वेल्समधला हा कोळसा खाणीतला मुलगा १९०१ मध्ये रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पलटणीत भरती झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात साधा शिपाई म्हणून काही वर्षं काढली. पुढे त्यानं पहिल्या महायुद्धावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि १९३६ मध्ये ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे हिंदुस्थानातल्या दिवसांचं पुस्तक. अधिकाऱ्यांच्या आठवणींचे ढीग आहेत, साध्या शिपायानं लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून या पुस्तकाचं मोल मोठं. रिचर्ड्स सांगतो की देवळालीत आलेल्या मुदत संपलेल्या शिपायांकडे ना शस्त्र राहिलेलं असे, ना काही काम. अधूनमधून कपडेलत्ते मांडून तपासणीला दाखवायचे, कधी एखादी लांब कूच, की झालं. बाकी दिवस मोकळा. सात-आठ वर्षं ज्यांच्या नावावर एकही शिक्षा नव्हती असे चांगले शिपाई तिथे काहीतरी भलतं करून बसत आणि घरी जायच्या ऐवजी तुरुंगात जात. काही जण बायांच्या नादानं गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. एखादा शिपाई विचित्र वागू लागला की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. आणि हा बोल त्या छावणीतल्या कंटाळ्यातूनच जन्मला असावा, असं रिचर्ड्सचं मत.

रिचर्ड्स हा निष्कर्ष ठामपणे नाही, ‘मला वाटतं’ अशा सुरात देतो, पण मला तो पटतो. कारण त्यानं वर्णिलेली माणसं मुळात दुबळी नव्हती. उन्हात कवायती करून, पटकी आणि हिवतापातून उठून, सरहद्दीवर गोळ्या खाऊन ती टिकली होती. ती मोडली ती काहीच करायचं नव्हतं तेव्हा. शिपायाचा दिवस बिगुलावर चालतो. उठायचं कधी, खायचं कधी, झोपायचं कधी हे सगळं दुसरा ठरवतो, आणि त्या ठरवण्याला एक आधार असतो. देवळालीत बिगुल होता पण त्यानंतर काही नव्हतं. खिशात साठवलेला पगार, कँटीनमध्ये दारू, बाहेर बाजार, डोळ्यांसमोर घर, आणि घरी जायची तारीख कोणाच्याच हातात नाही.

आता ‘टॅप’ या दुसऱ्या शब्दाकडे वळू. आजचा इंग्रज माणूस तो ऐकतो तेव्हा त्याला पाण्याचा नळ किंवा टिचकी आठवते, आणि डोक्याला टिचकी बसलेला तो वेडा, असा अर्थ तो लावतो. मराठी कानाला मात्र क्षणभरही अडखळायला होत नाही. टॅप म्हणजे तप, ताप. देवळालीचा ताप.

कोशकार हा शब्द हिंदुस्तानीतला, मूळ फारसीचा म्हणून नोंदवतात आणि ते बरोबर आहे, कारण फौजेत गोऱ्या शिपायाचा संबंध येई तो हिंदुस्तानीशी. ‘तप’ म्हणजे ज्वर. परभणीसारख्या, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या जिल्ह्यात, जिथे कचेरीची भाषा उर्दू होती आणि गल्लीत मराठी अन् दखनी शेजारी शेजारी बोलल्या जात, अजूनही जातात, तिथे या शब्दाची दोन्ही रूपं एकमेकांना लागून आहेत. इकडे मराठीत ताप येतो, आणि तिकडे उर्दूत क्षयाला ‘तपेदिक’ म्हणतात. ते मूळ ‘तप-ए-दिक’, माणसाला झिजवत नेणारा ज्वर. एकानं दुसऱ्याकडून उसना घेतलेला हा शब्द नाही. संस्कृतातला ‘तप्’ धातू आणि फारसीतला ज्वराचा ‘तब’ हे एकाच फार जुन्या मुळाचे फाटे आहेत, आणि त्याच मुळाचा आणखी एक फाटा लॅटिनमध्ये गेला. तिथून इंग्रजीला कोमट या अर्थाचं ‘टेपिड’ हे विशेषण मिळालं. म्हणजे देवळालीतल्या शिपायानं जो शब्द परका म्हणून उचलला त्याचा लांबचा नातलग त्याच्या स्वतःच्या भाषेत आधीच नांदत होता. तापी नदी, नाशिकचं तपोवन आणि त्याचं नाव घेऊन परभणीवरून धावणारी गाडी हीदेखील याच धातूची लेकरं.

पण इतिहासापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते मराठीत तापाला असलेलं मनाचं अंग. आपल्याकडे ताप थर्मामीटरवर मोजायचा तसा डोक्यालाही होतो. ‘डोक्याला ताप’ म्हणजे नको असलेली, सुटता न सुटणारी कटकट. ‘उगा ताप देऊ नको’ असं आई पोराला म्हणते. डोकं तापतं, माणूस संतापतो, पश्चात्ताप करतो. संतांच्या बोलीत तर तीन प्रकारचे ताप आहेत आणि त्यांपैकी पहिला, आध्यात्मिक, माणसाच्या स्वतःच्या देहामनातून उठणारा. गंगाखेडची जनाबाई आणि नरसीचे नामदेव ज्या परंपरेत वाढले तिला तापाचा हा विस्तार परका नव्हता. गोऱ्या शिपायाला यातलं काही ठाऊक नसणार. तरीही हिवतापाच्या आणि उष्माघाताच्या त्या प्रदेशात मनाच्या दुखण्याला त्यानं ज्वराचंच नाव दिलं, आणि ते अचूक बसलं.

या शब्दाची दुसरीही एक हकीकत सांगतात: देवळालीला फौजेचं वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून हे नाव. छावणीत इस्पितळ होतं, तुरुंगही होता. मनानं ढासळलेले शिपाई मुंबईला बोटीवर चढण्याआधी देवळालीत थांबत असणार हेही साहजिक. पण त्यांना नेत ते विलायतेला, साउदॅम्प्टनजवळ नेटलीच्या अवाढव्य लष्करी इस्पितळात. तिथे १८७० मध्ये मनोरुग्णांसाठी ‘डी ब्लॉक’ ही वेगळी इमारत उघडली होती. देवळालीची ओळख प्रामुख्यानं वेड्यांच्या इस्पितळाची असती तर रिचर्ड्ससारख्या तिथे राहून आलेल्या माणसाला कंटाळ्याचं कारण शोधावं लागलं नसतं.

इस्पितळाची कथा लोकांना जवळची वाटते याचं कारण आहे. वेडाला गावाचं नाव देण्याची सवय सगळ्याच भाषांना आहे. लंडनच्या बेथलेम इस्पितळाचा अपभ्रंश होऊन गोंधळ या अर्थाचा ‘बेडलम’ शब्द झाला. हिंदीवाले आग्रा आणि रांचीचं नाव घेतात. आपण ठाण्याचं आणि येरवड्याचं घेतो. ‘याला ठाण्याला पाठवा’ असं सहज बोलून जातो. माझ्या मते ही सवय चांगली नाही. मनाच्या दुखण्यावर उपचार घ्यायला निघालेल्या माणसाच्या वाटेत हे असले विनोद आडवे येतात, आणि गावखेड्यात तर घरातली माणसं इस्पितळाचं नावच बाहेर काढू देत नाहीत. देवळालीच्या शब्दात निदान रोग्याची टवाळी मुळात नव्हती. तो शिपायांनी शिपायांबद्दल वापरलेला शब्द होता, आणि आज त्याला झालं ते उद्या आपल्याला होऊ शकतं हे बोलणाऱ्याला ठाऊक होतं.

शिपायांच्या अशा दुखण्यांना पुस्तकी नावंही मिळाली आहेत. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यानं बाझेल विद्यापीठात एक प्रबंध सादर केला आणि घराच्या ओढीनं आजारी पडणाऱ्या स्विस लोकांच्या, त्यात परदेशी चाकरी करणारे शिपाईही आले, दुखण्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द ग्रीकमधून घडवला. आज तो जुन्या गाण्यांसाठी वापरतात, पण जन्मला तो रोगाचं नाव म्हणून. पहिल्या महायुद्धात फिशर नावाच्या आणखी एका स्विस डॉक्टरनं युद्धकैद्यांना पाहिलं. खायला-प्यायला आहे, मारहाण नाही, पण सुटका कधी ते माहीत नाही, अशा स्थितीत वर्ष-दोन वर्षांत माणसं चिडचिडी होतात, काही लक्षात ठेवू शकत नाहीत, आपसात तुटून पडतात. या स्थितीला त्यानं ‘काटेरी तारेचा आजार’ म्हटलं. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख माहीत असते. युद्धकैद्याला ती नसते. देवळालीचा शिपाई कैदी नव्हता, पण तारीख त्यालाही नव्हती.

हे वाचताना परभणीतल्या अभ्यासिका आठवल्याशिवाय राहत नाहीत. जिंतूर, पाथरी, पालमकडची शेतकऱ्यांची मुलं-मुली शहरात खोली करून राहतात, पहाटे मैदानावर धावतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि भरतीची जाहिरात निघायची वाट पाहतात. जाहिरात निघते, परीक्षा पुढे ढकलली जाते. परीक्षा होते, निकाल अडकतो. निकाल लागतो, नेमणूक थांबते. कष्टाला ही मुलं भीत नाहीत. त्यांना पोखरतं ते ‘कधी’चं उत्तर नसणं. यातल्या एखाद्याचं बोलणं तुटक झालं, झोप उडाली, तो माणसं टाळू लागला, तर घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये. अनिश्चित थांबण्यानं धडधाकट माणूस आजारी पडतो हे त्या छावणीतल्या शिपायांनी फार पूर्वी ओळखलं होतं आणि त्या आजाराला नावही ठेवलं होतं.

पहिल्या महायुद्धात देवळालीचं रूप बदललं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेतले जखमी आणि आजारी शिपाई मुंबईला उतरत, आणि त्यांच्यासाठी देवळालीत मोठी युद्ध-इस्पितळं उघडली गेली. त्यांतलं एक वेल्श जनरल हॉस्पिटल म्हणून ओळखलं जाई. युद्धात लाखो नवे शिपाई जुन्या शिपायांच्या तोंडचे शब्द शिकले आणि ते घरोघर घेऊन गेले. खाकी आणि पक्का हे आधीच इंग्रजीत पोचले होते. ऐषआरामी या अर्थाचं ‘कुशी’ म्हणजे आपलं खुशी-खुश, तेही याच लाटेत पसरलं. १९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी शिपाई-खलाशांच्या शब्दांचा कोश काढला तेव्हा त्यात ‘डूलॅली टॅप’ला जागा मिळाली. पुढे ‘टॅप’ गळून पडला. ज्वर हा अर्थ कळणारे जुने शिपाई कमी झाले, आणि उरलेला डूलॅली कानाला इतका गोड, बडबडगीतासारखा, की त्याला शेपटीची गरज उरली नाही. देवळालीतला ‘ळ’ इंग्रजी जिभेला जमत नाही, ‘दे’ आणि ‘व’ एकमेकांत मिसळून आधी ‘दिओ’ झालं आणि मग ‘डू’. नावातलं देऊळ असं नाहीसं झालं.

दुसऱ्या महायुद्धात तिथे शत्रुदेशांच्या नागरिकांनाही अडकवून ठेवलं होतं. नंतर तिबेटवरच्या पुस्तकानं प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांतला एक. अहमदनगरनंतर तो काही काळ देवळालीत होता, मग डेहराडूनला नेला गेला आणि १९४४ मध्ये तिथून पळाला. युद्ध संपल्यावर वाट पाहण्याचा जुना ताप पुन्हा चढला, आणि या वेळी तो एकेकट्या माणसाचा राहिला नाही. जानेवारी १९४६ मध्ये कराचीपासून सुरू होऊन हिंदुस्थान, सिलोन आणि सिंगापूरपर्यंतच्या रॉयल एअर फोर्सच्या तळांवर हजारो गोऱ्या हवाईसैनिकांनी काम बंद केलं. मुख्य तक्रार होती घरी पाठवण्याची गती. मुंबईच्या बंदरातलं हिंदी खलाशांचं बंड त्यानंतर महिन्याभरातच झालं. खलाशांची गाऱ्हाणी आणि स्वप्नं निराळी होती, पण गोऱ्यांनी बंड केलेलं त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवे ऑफ इंडियावरून बोटीत बसली.

देवळालीत आता भारतीय सैन्याचा तोफखाना विभाग प्रशिक्षण घेतो. आज पाकिस्तानात असलेल्या काकुलहून तोफखान्याची शाळा इथे आली ती फाळणीच्या आधीच. बाकी गाव अजूनही हवेसाठी ओळखलं जातं. पारशी, गुजराती, बोहरा समाजांनी बांधलेल्या आरोग्यधामांत मुंबईची माणसं आजारातून उठून बरी व्हायला येतात. इंग्रजी कोशात वेडाचं गाव म्हणून नोंदलेल्या देवळालीची महाराष्ट्रातली ओळख पिढ्यान् पिढ्या ही अशी, तब्येत सुधारायची जागा म्हणून आहे.

ब्रिटनमध्ये त्या गावाला पुन्हा उजाळा दिला तो दूरचित्रवाणीनं. जिमी पेरी हा लेखक तरुणपणी देवळालीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. त्यानं डेव्हिड क्रॉफ्टबरोबर लिहिलेली ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही बीबीसीची मालिका १९७४ ते १९८१ या काळात चालली आणि तिचे सुरुवातीचे भाग देवळालीच्या छावणीतच घडतात. तिच्यातल्या हिंदी पात्रांच्या चित्रणावर आज सकारण टीका होते आणि बीबीसी ती सहसा पुन्हा दाखवत नाही. पुण्यात २००९ मध्ये भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक निघाली तिनं ‘डूलॅली’ हेच नाव घेतलं, आणि मुंबईत अंधेरी, वांद्रे अशा ठिकाणी तिच्या टॅपरूम झाल्या. तिथला ‘टॅप’ बिअरच्या तोटीचा आहे.